क्लॅरिनेट, सॅक्स, बासरी : तिन्ही घेऊन स्टुडिओत तीस-चाळीस वर्षं टिकायचं तर काय लागतं?

खानापूरचा_क्लॅरिनेट

नमस्कार मंडळी. लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. वाद्य बोएम सिस्टीमचं (हल्लीची नेहमीची चाव्यांची रचना), १७ चाव्यांचं, प्लास्टिक बॉडी. सरगम दिली की लगेच धरतो, स्टाफ नोटेशन वाचतो पण सावकाश. अलीकडे बेळगाव, कोल्हापूर, धारवाड, तिन्हीकडून रेकॉर्डिंगची विचारणा होते आणि ती बहुतेक अशीच असते : "सॅक्स पण आणाल का? एका अंतऱ्याला बासरी लागेल."

जुने सेशन वादक (रेकॉर्डिंगपुरते बोलावले जाणारे) फुंकीची तीन-चार वाद्यं घेऊन आयुष्यभर काम करत राहिले. ते नेमकं कसं जमवतात? आधी कुठलं वाद्य घ्यावं? सॅक्स वाजवून लगेच क्लॅरिनेट धरलं की स्वर उतरतो, तो ओठांचा दोष की रीडचा (माउथपीसवरच्या पातळ पातीचा)? आणि गायकाची पट्टी ऐन वेळी बदलली तर सॅक्स आणि क्लॅरिनेट दोन्हींवर डोक्यात हिशेब कसा ठेवायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

शहापूर_सप्तक

भावा, आधी टिकलेल्या माणसांकडे बघू. मनोहारी सिंग १९३१ साली कोलकात्यात जन्मले, बाटानगरच्या कंपनी-बँडात तयार झाले, १९५८ ला मुंबईत आले आणि २०१० मध्ये गेले. मधली सगळी वर्षं हिंदी चित्रपटसंगीतात. आल्टो सॅक्स हे त्यांचं खरं वाद्य. चावीची बासरी (पाश्चात्य फ्लूट) आणि क्लॅरिनेटही वाजवायचे, आणि राहुल देव बर्मन यांच्याकडे बासू चक्रवर्तींच्या जोडीनं अरेंजर-सहायक होते. यातला प्रत्येक भाग महत्त्वाचा आहे. एक वाद्य असं की त्यावर एकट्यानं सोलो उभा राहतो. बाकीची इतकी स्वच्छ की सेक्शनमध्ये (एकत्र वाजवणाऱ्या गटात) बसून कुणाला खटकत नाहीत. आणि नोटेशन इतकं पक्कं की दुसऱ्यासाठी लिहिता येतं. १९८०-९० च्या दशकांत कीबोर्डनं सेक्शनचं काम खाल्लं तेव्हा फक्त सेक्शनमध्ये बसणारे घरी बसले, सोलो वाजवणारे आणि लिहिणारे राहिले. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं), फुंकेचा चढउतार आणि जिभेचा घाव या गोष्टी कीबोर्डवर आजही नीट येत नाहीत.

उलट टोकाचं उदाहरण कदरी गोपालनाथ यांचं (१९४९-२०१९). दक्षिण कन्नडचे. म्हैसूर राजवाड्याच्या बँडात सॅक्स ऐकला आणि जन्मभर तेच एक वाद्य कर्नाटक संगीतात नेलं. म्हणजे अनेक वाद्यं वाजवणं हीच एक वाट आहे असं मुळीच नाही. पण तुला सेशनचं काम हवंय, तर एक मुख्य आणि दोन जोडीची हेच गणित धर. तुझं मुख्य क्लॅरिनेटच राहू दे, ते सोडू नकोस.

क्लॅरिनेटवरून सॅक्सवर जाणं सोपं, सॅक्सवरून क्लॅरिनेटवर येणं अवघड. सॅक्सच्या चाव्यांना झाकणं असतात, क्लॅरिनेटची भोकं बोटानं स्वतः बुजवावी लागतात. शिवाय क्लॅरिनेटची नळी सरळसोट आणि एका टोकाला बंद, त्यामुळे वरची चावी दाबली की स्वर बाराव्यावर उडी घेतो. सॅक्स आणि बासरी सप्तकावर जातात. म्हणून क्लॅरिनेटवर खालची आणि वरची बोटं वेगळी पाठ करावी लागतात. ती तुझी झालेलीच आहेत. तुझ्या वरच्या भागातली बोटं सॅक्सला जवळपास जशीच्या तशी लागू पडतात : डाव्या हाताची तीन बोटं दाबली की दोन्हीकडे 'जी', त्यात उजवी तर्जनी मिळवली की 'एफ'. 'एफ शार्प'ला दोन्हीकडे उजवं मधलं बोट. चावीच्या बासरीवर मात्र 'एफ शार्प' उजव्या अनामिकेनं घ्यायचा. तिथंही मधलं बोट लावलं तर स्वर निघतो, पण दबका आणि किंचित उतरलेला. सॅक्सवाले बासरीवर कुठं चुकतात विचारशील तर पहिल्यांदा इथंच.

आता ओठ. सॅक्सनंतर क्लॅरिनेट उतरतं, त्याचं कारण बहुतेक वेळा ओठच. सॅक्सची पकड सैल आणि माउथपीस थोडा आडवा असतो. क्लॅरिनेटला हनुवटी सपाट, कडा घट्ट, आणि वाद्य अंगापासून साधारण ३०-४० अंशांवर. नुसता माउथपीस फुंकून बघ. आल्टोचा एकटा माउथपीस फुंकला तर पांढरी सहा (हार्मोनियमची 'सी'पासून सहावी पांढरी पट्टी, ४४० हर्ट्झच्या वरच्या सप्तकातला 'ए') यायला हवी. क्लॅरिनेटचा माउथपीस बॅरलसकट (त्याखालच्या आखूड तुकड्यासकट) फुंकला तर काळी तीन (वरचा 'एफ शार्प'). आल्टोवर पांढरी सहाच्या वर स्वर जात असेल तर तू चावतोयस. क्लॅरिनेटवर काळी तीनच्या खाली येत असेल तर सॅक्सचा ओठ तसाच घेऊन आलायस. रेकॉर्डिंगच्या आधी दोन्ही तपासायला अर्धं मिनिट पुरतं.

रियाजाचा क्रम बासरी, मग क्लॅरिनेट, शेवटी सॅक्स. बासरीला ओठांमधली फट अगदी बारीक लागते. रीड वाजवून ओठ बधिर झाले की ती फट सापडत नाही. उलट क्रमानं रियाज केलास तर "बासरी आपल्याला जमत नाही" असा चुकीचा निष्कर्ष काढशील.

निपाणीकर_सूर

शहापूरच्या काकांचं बाकी सगळं मान्य. बासरीपुरतं वेगळं मत मांडतो. आपल्या भागात (निपाणी, चिकोडी, बेळगाव, धारवाड) स्टुडिओवाला "बासरी" म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्याला बांबूची हवी असते. भक्तिगीत, भावगीत, अभंग, कन्नड भावगीत, सगळीकडे तेच. चावीची बासरी लागते ती पाश्चात्य धाटणीच्या अरेंजमेंटला किंवा चर्चच्या गायनाला. म्हणून आधी बांबू घे.

पण बांबू म्हणजे एक वाद्य नाही, पेटी आहे. आपल्याकडच्या बासरीत वरची तीन भोकं बुजवली की 'सा', आणि त्या 'सा'वरून बासरीची पट्टी ठरते. सुरुवातीला काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन, काळी चार, काळी पाच इतक्या घे. पुढं बारा पूर्ण कर. एकच बासरी घेऊन अर्ध्या भोकांवर दुसरी पट्टी वाजवणं घरी चालतं, माइकसमोर प्रत्येक अर्धं भोक ऐकू येतं. एसी स्टुडिओत बांबू कोरडा पडून चिरतो. दोन्ही टोकांना आणि फुंकेच्या भोकाजवळ दोरा घट्ट गुंडाळून घे, पेटी एसीच्या झोतात उघडी ठेवू नको.

आता पट्टीचा हिशेब. हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या धरून मोज. बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्स : गायकाच्या पट्टीपेक्षा दोन पट्ट्या वर वाजव. आल्टो सॅक्स : तीन पट्ट्या खाली. म्हणजे :

गायक काळी एक : क्लॅरिनेट काळी दोन, आल्टो काळी पाच.
गायक काळी दोन : क्लॅरिनेट पांढरी चार, आल्टो पांढरी एक.
गायिका काळी चार : क्लॅरिनेट काळी पाच, आल्टो पांढरी चार.
गायिका काळी पाच : क्लॅरिनेट पांढरी एक, आल्टो पांढरी पाच.

आपल्या गायकांच्या काळ्या पट्ट्या या वाद्यांना सोप्या पडतात हे लक्षात आलं का? अडचण येते ती गिटारवर बांधलेल्या चालीला. गाणं पांढरी तीनमध्ये ('ई') आलं की क्लॅरिनेट काळी तीनवर जातं, सहा शार्प. आल्टो काळी एकवर. तिथं 'ए' क्लॅरिनेट (बी फ्लॅटपेक्षा अर्धा स्वर खालचं) असेल तर तेच गाणं पांढरी पाचमध्ये वाजतं, एकच शार्प. 'ए' क्लॅरिनेट लगेच घ्यायची गरज नाही. पण गिटारच्या पट्ट्यांत, म्हणजे पांढरी दोन, पांढरी तीन आणि पांढरी सहा, रोज अलंकार वाजव. ऐन वेळी पट्टी बदलते तेव्हा वादक अडकतो तो इथं.

सीमाभागातल्या वादकाला आणखी एक भाषा यावी लागते. बंगळुरूकडचा अरेंजर काळी-पांढरी म्हणत नाही, आकडा सांगतो. एक म्हणजे पांढरी एक, दीड म्हणजे काळी एक, अडीच म्हणजे काळी दोन, साडेचार काळी तीन, साडेपाच काळी चार, साडेसहा काळी पाच. फोनवर "साडेपाच श्रुती" ऐकून गोंधळलास तर चुकीच्या बासऱ्या घेऊन जाशील. ज्याला काळी-पांढरी, आकडा आणि 'सी-डी-ई' तिन्ही तोंडपाठ आहेत त्याला कोल्हापूर आणि धारवाड दोन्ही बाजूंनी पुन्हा बोलावणं येतं. जुन्या मुंबईच्या स्टुडिओत गोव्याच्या वादकांना मान होता तोही याचसाठी : चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन झालेलं, कागद समोर आला की वाजवायला सुरुवात.

खानापूरचा_क्लॅरिनेट

दोघांचेही मनापासून आभार. पट्टीचा तक्ता लिहून घेतला. आणखी एक. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे उघड्यावर रात्रीचे कार्यक्रम असतात. तिथं क्लॅरिनेट कीबोर्डच्या खाली राहतं, बॅरल पूर्ण आत ढकलला तरी. मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीत उलट, चढतं. आणि जुना आल्टो घ्यायचा तर काय तपासायचं?

पॅडवाला_चव्हाट_गल्ली

थंडीचं कारण हवेत आहे. तापमान १ अंशानं उतरलं की नळीतल्या हवेचा स्वर साधारण ३ सेंट उतरतो (लागून असलेल्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर). स्टुडिओत २६ अंशांना मिळवलेलं वाद्य रात्री १६ अंशांत नेलं तर ३० सेंटपर्यंत, म्हणजे एका पट्टीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका फरक. कीबोर्ड जागचा हलत नाही. फुंकेनं वरचा जॉइंट गरम होतो पण बेल गारच राहते, म्हणून खालचे स्वर जास्त उतरतात. उपाय : वाजवत नसताना वाद्य कोटाच्या आत धर, मधूनमधून चाव्या बंद ठेवून स्वर न काढता नुसती ऊन फुंक मार. नेहमीचा बॅरल ६५-६६ मि.मी. असतो, थंडीसाठी ६४ चा एक जवळ ठेव. ओठानं चावून स्वर चढवू नको. चढेल, पण आवाज चिरका होईल आणि कार्यक्रमाच्या शेवटी ओठ संपेल.

उन्हाळ्यात बॅरल बाहेर काढायचा, पण एकट्या बॅरलवर सगळा भार टाकायचा नाही. बॅरल ओढल्यानं मधले आखूड स्वर ('जी', 'ए', 'बी फ्लॅट') जास्त उतरतात आणि खालचे कमी. दीड-दोन मि.मी. बॅरलला, पुढचं मधल्या सांध्यातून. मिरवणुकीत लाकडी वाद्य नेऊच नको. ऊन आणि फुंकेचा ओलावा एकत्र आले की लाकूड चिरतं. तुझं प्लास्टिक त्या कामाला उत्तम. पुढं लाकडी घेतलंस तर पहिले दोन आठवडे दिवसाला १५-२० मिनिटांच्या वर वाजवू नको आणि दर वेळी आतून पुसून ठेव.

जुना आल्टो बघताना आधी मान (माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी). डाव्या हाताची तीन बोटं आणि अंगठ्याची सप्तक-चावी दाब ('जी'). मानेवरची चावी बंद राहायला हवी. आता अनामिका उचल ('ए'). मानेवरची चावी उघडायला हवी. 'जी'लाही ती उघडत असेल तर मान लावताना कुणीतरी ती पट्टी पकडून पिळलेली आहे. हे वाकवून सुधारतं, पण मानेची नळीच खाली वाकली असेल तर त्या वाद्याच्या नादी लागू नको. मग वाद्याच्या आत एलईडीची पट्टी सोडून अंधारात एकेक चावी हलक्या हातानं दाब. पॅडच्या (चावीखालच्या, भोक बुजवणाऱ्या गादीच्या) कडेनं उजेड दिसला की गळती. एखाद-दुसरा पॅड गळका असेल तर किरकोळ काम. खालचा 'बी फ्लॅट', 'बी', 'सी' घोगरे येत असतील तर दोष बहुतेक वेळा वर कुठंतरी गळतीचा असतो, खालच्या चाव्यांचा नसतो. लोक खालचेच पॅड बदलत बसतात आणि पैसे वाया जातात. दांड्या हलवून बघ. चावी आडवी सरकत असेल तर झिजलेली आहे, ते काम खर्चिक. मेरठच्या जाली कोठीचं बँडचं वाद्य मिरवणुकीला चालून जातं. माइकसमोर न्यायचं असेल तर ट्यूनर लावून प्रत्येक स्वर मधल्या आणि वरच्या सप्तकात तपासल्याशिवाय घेऊ नको.

क्लॅरिनेटची गळती : वरच्या जॉइंटची भोकं बोटांनी बुजव, खालचं टोक तळहातानं, आणि वरून तोंडानं हवा ओढ. ओढ तीन-चार सेकंद टिकली पाहिजे.

बेळगाव-खानापूरचा पाऊस वाद्याला बाधतो. सॅक्सवर 'जी शार्प' आणि खालचा 'सी शार्प' या चाव्या चिकटतात, कारण त्या एरवी बंदच असतात आणि पॅड ओला राहतो. पॅडखाली सिगारेटचा कागद ठेव, चावी हलकी दाब, सोड. ओला भाग कागदात उतरतो. पावडर टाकू नको, ती ओलाव्यात लगदा होऊन बसते. सुईच्या स्प्रिंगा गंजून ऐन टेकला तुटतात, त्यांना पावसाळ्याआधी आणि नंतर सुईच्या टोकानं चावीचं तेल लाव. खोबरेल तेल नको. आपल्या थंडीत ते थिजतं आणि दांड्या जड होतात. सांध्यांच्या बुचावर व्हॅसलीन चोळायची सवय बँडात सगळीकडे आहे, तीही सोड. बुचाचा डिंक सुटतो. कॉर्क ग्रीसची एक कांडी पुष्कळ दिवस जाते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेव आणि पुसलेला ओला कपडा वाद्याबरोबर पेटीत कोंबू नको.

रीड : चार रीड आळीपाळीनं, प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या. क्लॅरिनेटला अडीच-तीन, आल्टोला अडीचनं सुरुवात कर. वाजवून झाली की साध्या पाण्यात धू, सपाट काचेवर वाळव. पावसाळ्यात मागची सपाट बाजू फुगते, मग ती माउथपीसवर बसत नाही आणि चिरकते. ६०० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून मागची बाजू दोन-चार वेळा अलगद फिरव, टोकावर दाब नको. काळे ठिपके दिसले तर रीड टाकून दे. सेशनला वाद्य स्टँडवर अर्धा तास पडून राहतं आणि लगेच टेक येतो, तेवढ्यात नेहमीची केनची रीड वाळलेली असते. जोडीच्या वाद्याला एक सिंथेटिक रीड चढवून ठेवावी ती याचसाठी.

शहापूर_सप्तक

पॅडवाल्यांनी काम सोपं केलं. निपाणीकरांचं बांबूबद्दलचं म्हणणंही पटलं, आपल्या भागापुरतं तोच क्रम योग्य. चावीची बासरी नंतर घेशील तेव्हा तिच्या वरच्या तुकड्यातलं (हेड जॉइंटमधलं) बूच तपास. सफाईच्या दांडीवरची खूण फुंकेच्या भोकाच्या मध्यावर यायला हवी, बूच तिथून साधारण १७ मि.मी. वर. ते सरकलेलं असेल तर सप्तकं एकमेकांशी जुळत नाहीत आणि वादक स्वतःच्या ओठाला दोष देत राहतो.

माइकचं राहिलं होतं. क्लॅरिनेटचा आवाज भोकांतून येतो, बेलमधून फक्त अगदी खालचे स्वर. बेलमध्ये माइक घालणारा भेटला तर नम्रपणे सांग, वाद्याच्या मध्यावर रोखून फूटभर अंतरावर ठेवा. सॅक्सला बेलची कड आणि मधला भाग दोन्ही दिसतील असा, फूट-दीड फूट. बासरीला तोंडाच्या वरून, फुंकेचा झोत चुकवून. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा, नाहीतर आपला सूर चढला की उतरला कळत नाही.

मींडेचंही लिहितो, कारण सोलो त्यावरच मिळतो. बांबूवर आणि क्लॅरिनेटवर बोट भोकावरून सरकवून मींड निघते. आल्टोवर झाकणं असल्यामुळे ती जबड्यातून आणि घशातून काढावी लागते, थोडी मदत चावी हळू सोडून. नाट्यगीताचा सोलो आला तर मी वादकाला क्लॅरिनेटच सुचवीन, सॅक्स नव्हे. म्हणून तर जुन्या बँडवाल्यांची साध्या सिस्टीमची (बोएमपेक्षा कमी चाव्यांची) क्लॅरिनेटं अजून घराघरांत जपून ठेवलेली आहेत. त्यांवर बोट जास्त मोकळं सरकतं.

दंतवैद्य_टिळकवाडी

चाळीस वर्षं टिकायचं म्हटलंय म्हणून लिहितो. वाद्य बदलता येतं, पुढचे दात नाही. वरचे दोन पटाशीचे दात माउथपीसवर टेकतात आणि तुमची सगळी पकड त्यांच्या लांबीवर आणि कोनावर बसलेली असते. म्हणून दात शाबूत आहेत तोवर कुठल्याही दंतवैद्याकडून वरच्या-खालच्या दातांचा प्लास्टरचा साचा करून घ्या आणि जपून ठेवा. उद्या पडून दात तुटला किंवा कॅप बसवावी लागली तर तोच आकार परत देता येतो. साचा नसेल तर दात नवा आणि सुंदर होतो, पण सूर जुना राहत नाही.

माउथपीसवर रबराची पातळ पट्टी लावा. दाताला जाणारी थरथर कमी होते, दाताची कड झिजत नाही. खालच्या ओठाच्या आत दाताचे वळ उठत असतील तर तुम्ही चावताय. त्यावर वर दिलेली माउथपीसची चाचणी करा.

दाढ काढायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना "मी फुंकीचं वाद्य वाजवतो" हे स्पष्ट सांगा. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसच्या जवळ असतात. काढल्यावर जोरात फुंकलं तर जखमेतली गाठ निसटते किंवा सायनसपर्यंत भोक राहून जातं. अशा वेळी साधारण दोन आठवडे वाद्य बंद. लग्नसराईच्या तारखा घेण्याआधी हे काम उरकून घ्यावं.

आणि कवळी. वरची पूर्ण कवळी असली की रीडचं वाद्य पुढच्या बाजूला वर दाब देतं आणि कवळी मागून सुटते. वरचा ओठही दातांखाली दुमडून वाजवला तर तो दाब कमी होतो. ही सवय तरुणपणीच लावून घेतलेली बरी, रोज पाच-दहा मिनिटं सावकाश स्वरांवर. इम्प्लांटवर बसवलेले दात दाब चांगला सोसतात, पण हाड भरून येईपर्यंतचे काही महिने वाद्याचं वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवावं लागतं. त्या काळात दातांवर दाब नसल्यामुळे बासरीवर लवकर परतता येतं. जोडीचं वाद्य हाताशी असण्याचा हाही एक उपयोग.